दोघंच उरतात तेव्हा

रोवणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या धानाच्या गावांना थोडी उसंत मिळते, आणि त्या उसंतीतच पोळा येतो. पोळ्याच्या आगेमागे इकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी दरवर्षी ठरलेली. अमुक शिवारात धाड, '५२ तासपत्त्यांवर हारजीतचा जुगार' खेळताना इतके जण ताब्यात, रोख इतकी, मोटारसायकली इतक्या. खेळ कोणता होता ते बातमीत सहसा नसतं. सांगायची गरजही नसते, कारण डाव बहुतेक वेळा तीनपत्तीचाच असतो.

तीनपत्तीत एक क्षण असा येतो की बाकीचे सगळे पॅक होतात आणि दोघंच उरतात. तोवर 'शो' मागता येत नाही. दोघं उरले की मागता येतो. मागणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते आणि दोघांची पानं अगदी बरोबरीची निघाली तर शो मागणारा हरतो. म्हणजे खेळाच्या नियमांनीच मान्य केलं आहे की दोघांतला सामना हा वेगळा प्रकार आहे. पोकर खेळणारे इंग्रजीतून आलेल्या शब्दाने त्याला 'हेड्स-अप' म्हणतात. तिथे तो शेवटी येणारा क्षण राहत नाही, अख्खा सामनाच तसा खेळता येतो: पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंत समोर एकच माणूस. घरच्या घरी, सणाला जमलेल्या नातेवाइकांत किंवा कॉलनीतल्या मित्रांत, पैसे न लावता अशी छोटी स्पर्धा भरवली तर तीनपत्ती खेळून वाढलेल्या माणसाला बरंच काही नवं दिसतं.

आधी तीनपत्तीचा हिशेब पाहू, कारण तो अंगवळणी पडलेला असतो पण कागदावर क्वचितच मांडला जातो. बावन्न पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांतले १६,४४० हात, म्हणजे जवळजवळ पाऊण, असे की त्यांत जोडीसुद्धा नसते. जोडी ३,७४४ हातांत, कलर १,०९६, सिक्वेन्स ७२०, प्युअर सिक्वेन्स ४८ आणि ट्रेल ५२. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी ट्रेल वरचढ धरली जाते. पिढ्यानपिढ्या खेळणाऱ्यांना हे खटकलं नाही, कारण दोन्ही इतके क्वचित येतात की आयुष्यभर खेळूनही फरक जाणवू नये.

आता पोकरचा सर्वांत चालणारा प्रकार, होल्डेम. प्रत्येकाला दोन झाकली पानं. मग मध्ये तीन पानं उघडी पडतात, तो फ्लॉप. नंतर एक, टर्न. मग आणखी एक, रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच यांतून उत्तम पाच पानांचा हात जुळवायचा. पैज लावायच्या फेऱ्या चार: फ्लॉपच्या आधी आणि प्रत्येक टप्प्यानंतर एकेक. तीनपत्तीसारखा सुरुवातीचा बूट सगळ्यांकडून घेण्याऐवजी इथे दोघांकडून सक्तीचे ब्लाइंड घेतात, एक छोटा आणि एक मोठा. मराठी घरात दोघांत खेळला जाणारा सात-आठचा डाव ज्यांना येतो, त्यांना काही उघडं आणि काही झाकलेलं असा पानांचा संसार नवा नाही. फरक इतकाच की सात-आठमध्ये हात करायचे असतात आणि इथे समोरच्याला निर्णयाला भाग पाडायचं असतं.

दोघांच्या सामन्यात घरोघरी एक नियम हमखास चुकतो. टेबलाभोवती सात-आठ जण असतील तर वाटणाऱ्याच्या पुढचा माणूस छोटा ब्लाइंड देतो. दोघंच असतील तेव्हा मात्र छोटा ब्लाइंड वाटणाऱ्याने द्यायचा. फ्लॉपच्या आधी तोच पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. नियम उलटा वाटतो, पण त्यात न्याय आहे. शेवटी बोलणाऱ्याला समोरच्याने काय केलं ते आधीच कळलेलं असतं, आणि पोकरमध्ये ही माहिती पानांइतकीच मोलाची. ज्याला ती चार फेऱ्यांपैकी तीनमध्ये मिळते त्याने बदल्यात कमी ब्लाइंड द्यायचा नाही, तर मोठा द्यायचा, असं कुणालाही वाटेल. तरी प्रथा छोट्याचीच आहे. कारण हीच व्यवस्था उलटी केली, मोठा ब्लाइंडही शेवटी बोलणाऱ्यालाच दिला, तर दुसऱ्याकडे कमी ब्लाइंड आणि आधी बोलण्याची अडचण दोन्ही येतात, आणि तो बरेच डाव टाकून देतो. खेळ रंगत नाही. वाटप दर डावाला बदलतं, त्यामुळे फायदा आळीपाळीने दोघांनाही मिळतो.

पानांची किंमतही इथे बदलते. आठ-नऊ जणांच्या टेबलावर थांबून राहणं शहाणपणाचं असतं. हातात जोडी यायची शक्यता सतरात एक, एक्क्यांची जोडी तर २२१ डावांत एकदा. दोघांच्या सामन्यात अशी वाट बघणारा ब्लाइंड देऊन देऊनच संपतो, कारण इथे एकही डाव फुकट मिळत नाही. आणि वाट बघायची गरजही नसते. समोर कुठलीही दोन पानं आहेत असं धरलं तर एक्क्यांची जोडी शंभरात पंच्याऐंशी वेळा जिंकते; पण रंग न जुळणारी राणी-सात ही साधी पानंसुद्धा निम्म्याहून किंचित जास्त वेळा जिंकतात. सगळ्यांत वाईट हात म्हणजे रंग न जुळणारे तीन-दोन, आणि तेही शंभरात बत्तीस वेळा जिंकून जातात. तीनपत्तीत राणी मोठी असलेला हात बघून जो सवयीने पॅक होतो, त्याला ही पहिली सवय सोडावी लागते.

दुसरी सवय म्हणजे चेहरा वाचण्यावरचा विश्वास. पोकरविषयी बोलताना लोक डोळे, हाताचा कंप, घशाखाली उतरलेला आवंढा असं काय काय सांगतात. सिनेमाने तर त्याचं तंत्रच करून टाकलं आहे. मला हे फार फुगवलेलं वाटतं. नातेवाईक एकमेकांचे चेहरे लहानपणापासून ओळखतात, म्हणून घरच्या स्पर्धेत तर ते आणखी निरुपयोगी ठरतं, कारण दोघंही तेच ओळखतात. दोघांच्या पोकरमध्ये जे खरोखर चालतं ते साधं, शाळेतल्या अपूर्णांकांचं गणित आहे.

एक डाव घेऊ. मामा आणि भाचा, दोघांकडे शंभर-शंभर चिंचोके, ब्लाइंड एक आणि दोन. भाचा वाटतोय, त्याच्याकडे इस्पिक राजा आणि चौकट सत्ती. तो पाचपर्यंत वाढवतो. मामांनी मोठ्या ब्लाइंडचे दोन दिलेलेच आहेत, ते आणखी तीन टाकतात. मध्ये दहा चिंचोके. फ्लॉप पडतो: किलवर एक्का, चौकट नव्वी, बदाम चौकी. मामा म्हणतात, "चेक," म्हणजे काही न लावता पुढे. भाच्याचं काहीच जुळलेलं नाही. तरीही तो पाच चिंचोके पुढे सरकवतो. ही हूल आहे, पण आंधळी नाही.

हातात जोडी नसेल तर फ्लॉपवर आपल्या पानांची जोडी जुळायची शक्यता जेमतेम एक-तृतीयांश असते. म्हणजे तीनातल्या दोन वेळा मामांचंही काही जुळलेलं नसणार. भाचा पाच लावून दहा जिंकू पाहतोय. मामांनी तीनात एकदापेक्षा जास्त वेळा डाव सोडला की भाच्याची हूल नफ्यात. समजा मामा साधेभोळे आहेत, जुळलं तरच थांबतात. तर दर तीन डावांत भाचा दोनदा दहा-दहा घेतो आणि एकदा पाच घालवतो. तीन डावांत निव्वळ पंधरा, सरासरी डावाला पाच, आणि तेही हातात काही नसताना.

म्हणून मामांना तीनातल्या दोन वेळा उभं राहायला हवं. पण तीनातल्या दोन वेळा तर त्यांचं जुळलेलंच नसतं! दोघांच्या खेळाचा सगळा पेच या दोन अपूर्णांकांत आहे. न जुळलेल्या हातांपैकी काही हात घेऊन मामांना थांबावंच लागतं, कधी उलट वाढवावंही लागतं. कोणते हात? ज्यांत पुढे काही घडायची आशा आहे ते: राणी-दहासारखे, ज्यांना पुढच्या पानांवर जोडी किंवा ओळ जुळू शकते. आणि मामा असं करू लागले की भाच्याला दर वेळी हूल देणं परवडत नाही. मग किती वेळा द्यावी?

याचं नेमकं उत्तर तीन पानांवर काढता येतं. प्रिन्स्टनचे गणिती हॅरॉल्ड कून यांनी १९५० मध्ये पोकर इतकं सोलून ठेवलं की आत फक्त गाभा उरला. पत्त्यांच्या जोडातून एक गुलाम, एक राणी, एक राजा काढा. दोघांनी एकेक चिंचोका मध्ये टाकायचा. प्रत्येकाला एक पान, तिसरं झाकून बाजूला. पहिला माणूस एक चिंचोका लावतो किंवा चेक करतो. लावला तर दुसरा कॉल करतो, म्हणजे तितकाच टाकतो, किंवा सोडतो. चेक केलं तर दुसऱ्याला तीच मुभा, आणि त्याने लावलं तर पहिल्याला कॉल करायची किंवा सोडायची संधी. मोठं पान जिंकतं. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता बंद होतो तशा एखाद्या अडकलेल्या संध्याकाळी हा खेळ दोन तास पुरेल, आणि एरवी वर्षानुवर्षं खेळूनही न कळणारी गोष्ट त्यात कळून जाईल.

काही चाली उघड आहेत. राजा घेऊन कुणी डाव सोडणार नाही, गुलाम घेऊन कुणी कॉल करणार नाही. पहिल्याकडे राणी असेल तर त्याने लावू नये. समोर गुलाम असेल तर तो सोडून देईल, राजा असेल तर कॉल करेल, म्हणजे कमाई शून्य आणि फटका नक्की. प्रश्न उरतो तो दुसऱ्याच्या हातातल्या गुलामाचा. पहिल्याने चेक केलं आहे. नुसतं दाखवायची वेळ आली तर गुलाम हरणारच. जिंकायचं तर हूल हवी.

कूनचं उत्तर: तीनातून एकदा. राजा असताना दर वेळी लावायचं, गुलाम असताना तीनातून एकदा. असं केलं की दुसऱ्याने लावलेल्या दर चार पैजांत तीन राजाच्या आणि एक गुलामाची. राणी घेऊन बसलेला पहिला विचार करतो: मध्ये तीन चिंचोके आहेत, मला एक टाकायचा आहे. कॉल केला तर चारातून एकदा तीन मिळतील, तीन वेळा एकेक जाईल. हिशेब बरोबर शून्य. कॉल करा, सोडा, फरक पडत नाही. त्याला कोंडीत पकडलेलं आहे, आणि गंमत अशी की त्याला हा हिशेब सांगून टाकला तरी कोंडी सुटत नाही. तुम्ही तीनातून एकदापेक्षा जास्त हूल दिली तर तो दर वेळी कॉल करून कमावेल. कमी दिली तर तो दर वेळी सोडेल आणि तुमच्या राजाला गिऱ्हाईक मिळणार नाही. थोडक्यात, हूल पकडली जाण्यासाठीच असते असंही म्हणता येईल: ती अधूनमधून पकडली जाते म्हणून चांगल्या पानांना भाव मिळतो. ज्याची हूल कधीच पकडली गेली नाही तो बहुधा फार कमी वेळा देतोय.

पहिल्या खेळाडूबद्दल कूनचा निष्कर्ष आणखी मजेदार आहे. त्याने गुलामावर कधीच हूल दिली नाही तरी चालतं, पण मग राजावरही सुरुवातीला लावायचं नाही. आणि गुलामावर जितक्या प्रमाणात देईल त्याच्या तिप्पट प्रमाणात राजावर लावायचं. दोघंही निर्दोष खेळले तरी पहिला दर डावाला सरासरी चिंचोक्याचा अठरावा भाग हरतो. आधी बोलण्याची ही किंमत.

तीनातून एकदा, हे ठरवायचं कसं? मनाने ठरवलं तर माणूस नकळत ठरावीक क्रम लावतो: दोनदा शांत, तिसऱ्यांदा हूल. समोरचा ते हेरतो. म्हणून निवड खरोखर यदृच्छेवर सोडावी लागते. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे सहज नजर टाका. तो पहिल्या वीस सेकंदांत असेल तर हूल, नाहीतर नाही. चेहरा वाचणाऱ्याची इथे पंचाईत होते, कारण निर्णय तुमचा नसतोच. खेळात यदृच्छा मिसळायची ही कल्पना गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये गणिताने पक्की केली. दोघांच्या, एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचं नुकसान अशा खेळात अशी मिश्र नीती असतेच, आणि ती पाळली की समोरचा कितीही हुशार असो, तो तुम्हाला ठरलेल्या मर्यादेपलीकडे हरवू शकत नाही. अर्थशास्त्रज्ञ मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या १९४४ च्या ग्रंथात पोकरवर एक मोठा विभाग आहे. तिसरा माणूस टेबलावर आला की ही हमी संपते, आणि म्हणूनच संगणकवाल्यांनी सुरुवात दोघांच्या पोकरपासून केली.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा 'सेफियस' हा प्रोग्राम जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. पैजेची रक्कम ठरावीक असलेलं दोघांचं होल्डेम त्याने जवळजवळ पूर्ण सोडवलं. एखादा माणूस जन्मभर खेळला तरी प्रोग्राममधली उणीव कमाईत दिसू नये इतकं. पैजेवर मर्यादा नसलेल्या प्रकारात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस'ने जानेवारी २०१७ मध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना पिट्सबर्गमध्ये हरवलं. या दोन्ही यंत्रांनी समोरच्याचा चेहरा कधी पाहिलेला नाही. आणि एक आकडा घरच्या स्पर्धेसाठी लक्षात ठेवण्याजोगा: लिब्राटसचं श्रेष्ठत्व नशिबाने आलेलं नाही हे दाखवायला वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळवले गेले. पोळ्याच्या रात्री दोघांत फार तर साठ-सत्तर डाव होतात. जिंकलेल्या मेहुण्याने वर्षभर मिरवावं, त्याला कुणाची हरकत नाही, पण पुरावा म्हणून तो निकाल टिकणार नाही.

पैशाचं काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. आपल्याकडे १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्राचा कायदा म्हणून चालू आहे. अड्डा चालवणं कलम ४ खाली, तिथे सापडणं कलम ५ खाली, सार्वजनिक जागी खेळणं कलम १२ खाली. निव्वळ कौशल्याच्या खेळाला कलम १३ सूट देतं. रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात म्हटलं, आणि ते म्हणताना तीन पानांच्या खेळाला मात्र नशिबाच्या बाजूला ठेवलं. पोकरवर एकमत नाही: पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात ब्रिज आणि रमीच्या बरोबरीने पोकरलाही जुगारातून वगळलं आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवलं. ऑनलाइन पैसे लावून खेळण्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा संसदेने २१ ऑगस्ट २०२५ रोजी मंजूर केला आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली. त्या दिवशी पोळा होता. हा योगायोग कुणाच्या लक्षात आला नसावा.

घरात जागेचा मालक नाल, म्हणजे डावातला आपला वाटा, काढू लागला की ते घर कायद्याच्या नजरेत अड्ड्याकडे सरकतं. माझं मत सरळ आहे: चिंचोके वापरा. कौशल्याची बाजू चिंचोक्यांवरही तितकीच शिकता येते, आणि मामा-भाच्यांत वितुष्ट येत नाही. फक्त चिंचोके मोजून, मर्यादित द्यावेत. संपले की बाहेर, पुन्हा मागायचे नाहीत. नाहीतर कुणी डाव सोडतच नाही आणि वर सांगितलेले सगळे अपूर्णांक वाया जातात.

आठ जण असतील तर बाद पद्धतीने सात सामने होतात: चार, मग दोन, मग अंतिम. पहिल्या फेरीला पत्त्यांचे चार जोड लागतील. प्रत्येकी शंभर चिंचोके आणि एक-दोनचा ब्लाइंड ही सुरुवात बरी, कारण मोठ्या ब्लाइंडच्या पन्नासपट साठा हाताशी असला की हूल, माघार, उलट वाढवणं या सगळ्याला जागा राहते. दर पंधरा मिनिटांनी ब्लाइंड दुप्पट करा. असं केलं नाही तर सावध माणसं जेवणाची वेळ टळली तरी उठत नाहीत. पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी वेगळी स्पर्धा ठेवली तर दूरवरून, वडसा किंवा अहेरीहून आलेल्या पाहुण्याला पाच मिनिटांत प्रेक्षक व्हावं लागत नाही. अंतिम सामना तीनपैकी दोन जिंकण्याचा ठेवावा.

ब्लाइंड चढत गेले की सामन्याचा शेवट आपोआप येतो, आणि तिथे खेळ पुन्हा सोपा होतो. एखाद्याकडे मोठ्या ब्लाइंडच्या दहापटीपेक्षा कमी चिंचोके उरले की पाचाची हूल, मग माघार वगैरे करत बसण्यात अर्थ नसतो. साठ्याचा मोठा भाग त्यातच जातो. वाटणाऱ्याने अशा वेळी दोनच गोष्टींतून निवडायचं: सगळे पुढे सरकवायचे किंवा पान टाकायचं. आणि निम्म्याहून जास्त हातांवर सगळे सरकवणंच बरोबर ठरतं. कुठलीही जोडी, कुठलाही एक्का तर नक्कीच. समोरच्याने कॉल केला की दोघांनी पानं उताणी करायची आणि उरलेली पाच पानं पडताना बघायची. दुऱ्यांची जोडी विरुद्ध एक्का-राजा असा सामना जवळजवळ बरोबरीचा असतो, दुऱ्यांकडे किंचित झुकलेला. एक्का-राजा विरुद्ध सात-दोन असेल तरीही तीनातून एकदा सात-दोन जिंकतात. ते जिंकले की हरणारा "काय खेळतोस बे, सात-दोनवर!" म्हणून ओरडणार हे धरून चाला. त्याला पुढच्या सामन्याचे पत्ते पिसायला बसवा.